गाडी कोणती घ्यावी, त्याआधी फेरी कोणती?
वाचकांचे प्रश्न

रोजची ये-जा कमी प्रदूषणाची कशी करता येईल, या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर ‘कोणती गाडी घ्यावी’ असा आहे. तो स्वाभाविक आहे. मात्र प्रत्येक पत्र वाचताना मला आधी गाडीपेक्षा फेरीविषयीच विचारावेसे वाटले: ती किती लांबीची आहे, तिच्यात किती माणसे आहेत आणि परतताना वाहन रिकामे येते का? उत्तरे याच क्रमाने विचार करून दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी कोल्हापुरात कळंब्याला राहतो आणि शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. रोजची ये-जा साधारण तीस किलोमीटर होते. जुनी पेट्रोल मोपेड काढून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी असे मुलगी म्हणते, तर कारखान्यातील सहकारी म्हणतात की वीज शेवटी कोळशावरच तयार होते, मग धूर इथला तिथे गेला एवढेच. खरे काय मानावे?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरीही हिशेब मांडला तर निर्णय मुलीच्या बाजूने जातो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपली मोपेड शहरातल्या गर्दीत लिटरला ४५ किलोमीटर जात असेल, असे धरले तर दर किलोमीटरला साधारण ५० ग्रॅम होतात. इलेक्ट्रिक स्कूटरला किलोमीटरमागे ३० वॅट-अवरच्या आसपास वीज लागते आणि चार्जिंगमधील गळती धरून मीटरवर ती सुमारे ३५ पडते. आपल्या देशातील विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशाचा असल्यामुळे एका युनिटमागे (एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-अवर) साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणतानाची घट जमेस धरली, तरी स्कूटरचा हिशेब किलोमीटरला २५ ते ३० ग्रॅमच्या घरात राहतो, म्हणजे पेट्रोलच्या जवळपास निम्म्यावर. पेट्रोल गाडीचा आकडा ती जुनी होईल तसा वाढत जातो. विजेचा आकडा मात्र वीजनिर्मितीत सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसा कमी होत जाईल, आणि त्यासाठी आपल्याला गाडी बदलावी लागणार नाही.

बॅटरी तयार करतानाही कार्बन खर्च होतो, ही बाब विक्रेते सहसा बोलत नाहीत. तीन युनिट क्षमतेच्या बॅटरीमागे तो ढोबळ मानाने दोनशे ते तीनशे किलो धरता येईल. महिन्याला पंचवीस दिवस तीस किलोमीटर, म्हणजे साडेसातशे किलोमीटर चालवल्यास आपली बचत महिन्याला सतरा किलोच्या आसपास होईल, म्हणजे हे कर्ज वर्ष-दीड वर्षात फिटेल. आपल्यासारख्या रोज बऱ्यापैकी अंतर कापणाऱ्या माणसाला म्हणूनच हा बदल निश्चित फायद्याचा आहे. याउलट आठवड्यातून दोनदा भाजीला जाण्यापुरती वापरली जाणारी चांगली चालू स्थितीतील मोपेड काढून नवी इलेक्ट्रिक घेणाऱ्यांना मी थांबण्याचा सल्ला देईन. तिचे कर्ज फिटायलाच कित्येक वर्षे जातील.

चार्जिंगविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. अनेक स्कूटरचा चार्जर घरातल्या साध्या प्लगवर चालतो, पण त्या प्लगला नीट अर्थिंग हवे. पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरून वायर सोडून एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर चार्जिंग लावण्याची पद्धत अनेक अपार्टमेंटमध्ये दिसते, ती घातक आहे. आपल्या मीटरवरून खाली स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी, तिला गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा आणि पावसाचे झोत येणार नाहीत अशा जागी सॉकेट लावावे. आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा पाऊस लक्षात घेता हा खर्च टाळू नये. गाडी उन्हातून येऊन तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नये. थोडी निवल्यावर लावल्यास बॅटरीचे आयुष्य वाढते.

एक मात्र विचारून पाहावे. आपल्या शिफ्टला कळंबा, संभाजीनगर या भागातून शिरोलीला जाणारे आणखी कोणी आहे का? दोघांनी एका गाडीवर जाणे, मग ती पेट्रोलची असो वा विजेची, त्याच दिवसापासून माणशी आकडा जवळपास निम्म्यावर आणते आणि त्याला कर्जाचा हप्ता लागत नाही.

प्रश्न : आम्ही नागाळा पार्कात राहतो. मुलांची शाळा तीन किलोमीटरवर आहे. सकाळी मी कारने सोडते, दुपारी पुन्हा आणायला जाते. शाळेच्या दारात गाड्यांची एवढी गर्दी होते की मुलांना उतरवायला जागा मिळत नाही. कार सीएनजीवर करून घेतली तर फरक पडेल का?

उत्तर : ताई, सीएनजीने धूर निश्चित कमी होईल. पण आपण वर्णन केलेल्या दिवसात चार फेऱ्या आहेत आणि त्यांपैकी दोन फेऱ्यांत गाडीत मुले नसतातच. सकाळी आपण एकट्या परत येता, दुपारी एकट्या जाता. मुलांचा प्रवास सहा किलोमीटरचा, गाडीचा मात्र बारा किलोमीटरचा. इंधन कोणतेही भरले तरी हा निम्मा भाग वाया जाणाराच आहे.

दुसरी बाब फारशी बोलली जात नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे कमी घातक वायूंत रूपांतर करण्याचे काम तो करतो. पण हे काम सुरू व्हायला तो सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. थंड इंजिन सुरू करून निघालेल्या गाडीची पहिली काही मिनिटे, नेमकी तो तापेपर्यंतची, सर्वांत घाणेरडी असतात, आणि इंजिन थंड असताना इंधनही जास्त लागते. तीन किलोमीटरच्या फेरीचा बराच भाग यातच संपतो. शाळेच्या दारात रांगेत उभ्या असलेल्या अशा पंचवीस-तीस गाड्या आणि त्यांच्या सायलेन्सरच्या उंचीला जवळ असलेली पहिली-दुसरीची मुले, हे दृश्य आपल्या शहरात रोज दोनदा दिसते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेते, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न पालकांनी किती गांभीर्याने घ्यायला हवा ते कळते.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या गल्लीत त्याच शाळेची आणखी मुले असणारच. परवानगीइतकीच मुले घेणारे, ओळखीचे रिक्षामामा किंवा शाळेची बस मिळत असेल तर तो सर्वांत सोपा मार्ग आहे. दाटीवाटीने मुले कोंबणारी रिक्षा मात्र प्रदूषण वाचते म्हणून मुळीच स्वीकारू नये. मुलांची सुरक्षितता आधी. ते जमत नसेल तर तीन घरांनी आठवडा वाटून घ्यावा, म्हणजे एका गाडीत तीन घरची मुले जातील आणि आपल्या वाट्याला आठवड्याचे दोनच दिवस येतील. आणि कार न्यावीच लागली तर शाळेच्या दारापर्यंत न नेता अलीकडच्या रुंद रस्त्यावर उतरवून शेवटची दोनशे पावले मुलांना चालवत न्यावे, थांबताना इंजिन बंद करावे. शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा एकच ठराव मांडला आणि पाळला गेला, तरी त्या दारातली हवा आठवड्याभरात बदलेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून फुलेवाडीहून महाद्वार रोडला व बिंदू चौकाला के.एम.टी.ने (महापालिकेच्या बसने) जातो. बस वेळेवर येत नाही, कधी कधी अर्धा तास थांबावे लागते. आता इलेक्ट्रिक बस येणार असे ऐकतो. त्या आल्या म्हणजे प्रश्न सुटेल काय?

उत्तर : गुरुजी, आपण या वयात आणि एवढी वाट पाहूनही बसनेच जाता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

बसचे गणित माणसांवर चालते. लिटरला चार किलोमीटर जाणारी डिझेल बस किलोमीटरमागे सुमारे ६७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. तिच्यात तीस प्रवासी असतील तर माणशी बावीस ग्रॅम होतात, म्हणजे मोपेडवर एकट्याने जाण्याच्या निम्म्याहून कमी आणि एकट्याने कार नेण्याच्या तर कित्येक पट कमी. पण त्याच बसमध्ये पाचच माणसे असतील, तर माणशी आकडा १३० ग्रॅमच्या वर जातो. ‘बसने जा’ एवढेच सांगून भागत नाही, ते यामुळे. बस भरलेली राहायची तर ती वारंवार आणि वेळेवर यायला हवी, कारण अर्ध्या तासाने येणाऱ्या बसची वाट नोकरदार माणूस पाहत नाही. तो हप्त्यावर दुचाकी घेतो आणि एकदा घेतल्यावर बसकडे परत येत नाही. मग प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी घटतात. देशातल्या अनेक शहरांच्या बससेवा याच चक्रात अडकल्या आहेत.

इलेक्ट्रिक बसविषयी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरातील शहरांसाठी १०,००० बसची तरतूद असून त्या शहरांत कोल्हापूरही आहे. या बस ठेकेदाराच्या असतात आणि त्याला धावलेल्या किलोमीटरनुसार पैसे दिले जातात. मला त्यांचे मनापासून स्वागत करावेसे वाटते, तरी अपेक्षा नेमक्या ठेवाव्यात. लहान वातानुकूलित इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला जवळपास एक युनिट वीज लागते आणि आजच्या विजेवर तिचा कार्बनचा आकडा साध्या डिझेल बसच्या फार खाली जात नाही. दुचाकीत जो निम्म्याचा फरक दिसला तो इथे लगेच दिसणार नाही. मोठा फायदा आहे तो रस्त्यावरच्या हवेचा. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. मिरजकर तिकटी, महाद्वार, गंगावेश अशा दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या चिंचोळ्या रस्त्यांवर हा धूर लवकर विरत नाही, आणि तिथले दुकानदार, फेरीवाले व वाहतूक पोलीस तो दिवसभर घेत असतात. कोल्हापूर हे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील, म्हणजे हवेची ठरलेली मानके न पाळू शकलेल्या शहरांपैकी एक आहे, याची इथे आठवण ठेवावी.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात आहे. बस विजेची झाली आणि तीही अर्ध्या तासाने आली, तर आपले शेजारी दुचाकीच काढतील. माझे मत असे की, सर्व मार्गांवर थोड्या थोड्या बस फिरवण्यापेक्षा फुलेवाडी–गंगावेश, मध्यवर्ती बसस्थानक–राजारामपुरी–विद्यापीठ, शहर–शिरोली अशा चार-पाच मुख्य मार्गांवर दहा मिनिटांना बस हमखास द्यावी, आणि बाकीच्या भागांतून लोकांना त्या मार्गांपर्यंत रिक्षाने किंवा चालत येऊ द्यावे. गावाकडून येणारे वडाप, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणारी खासगी जीप, लोकांना का आवडते? ते थांब्यावर लगेच मिळते म्हणून. हीच खात्री बसने द्यायला हवी. दुसरे म्हणजे रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी बसची वाट अडते. ज्या रस्त्यावरून बस जाते त्याच्या निदान एका बाजूचे पार्किंग उठवल्याशिवाय कोणतीही नवी बस वेळ पाळू शकणार नाही. आपल्यासारख्या नियमित प्रवाशांनी आठवडाभर एका थांब्यावर बस प्रत्यक्ष कधी आली याची नोंद ठेवून ती सहीनिशी परिवहन विभागाला आणि प्रभागाच्या प्रतिनिधीला द्यावी. ‘बस वेळेवर येत नाही’ या तक्रारीला उत्तर देणे टाळता येते, तारीखवार नोंदीला टाळता येत नाही.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक. आमच्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, तर मग पेट्रोल गाडीसुद्धा पर्यावरणपूरकच झाली असे म्हणता येईल का?

उत्तर : अंशतः म्हणता येईल. उसातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे इथेनॉल जळताना तो हवेत परतला तरी जमिनीखालच्या तेलातून नवा कार्बन बाहेर येत नाही. शिवाय आपल्याकडचे कारखाने चोथ्यावर बॉयलर चालवतात, त्यामुळे गाळपासाठी बाहेरचे इंधन फारसे लागत नाही. या दोन गोष्टी इथेनॉलच्या बाजूच्या आहेत. दुसऱ्या बाजूला युरिया आहे, उपशाच्या मोटारींची वीज आहे, ट्रॅक्टरचे डिझेल आहे आणि सर्वांत मुख्य म्हणजे पाणी आहे. शिरोळच्या शेतकऱ्याला अति पाण्याने क्षारपड होणाऱ्या जमिनीविषयी मी सांगावे असे काही नाही. पाटपाण्यावरचा ऊस आणि ठिबकवरचा ऊस यांपासून निघालेले इथेनॉल पंपावर सारखेच दिसते, पण त्यामागचा पर्यावरणाचा खर्च सारखा नसतो.

ग्राहकाने हेही जाणून घ्यावे की, एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर मायलेज थोडे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ही घट सहा ते सात टक्के आणि दुचाकींसाठी तीन ते चार टक्के अशी अंदाजली होती. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने लवकर खराब होतात, ते सर्व्हिसिंगच्या वेळी पाहून घ्यावेत. थोडक्यात, मिश्रणामुळे त्याच फेरीचा भार काही टक्क्यांनी हलका होतो. ती फेरी दोघांनी मिळून केली तर तो निम्मा होतो.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकतो आणि शिवाजी पेठेतून सायकलने जाण्याची इच्छा आहे. पण चढ आहे, घाम येतो आणि मोठ्या रस्त्यावर भीती वाटते. काही उपाय?

उत्तर : तुझ्या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि तिन्हींवर बऱ्याच अंशी उपाय आहे. चढावर दमछाक होण्याचे कारण बहुधा सायकलची मांडणी असते. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होईल, इतके सीट वर घ्यावे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक सायकलींचे सीट यापेक्षा चार बोटे खाली असते आणि मग सगळा जोर गुडघ्यावर येतो. हवा दर आठवड्याला भरावी. गिअरच्या सायकलींच्या बहुतेक व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरची हवेची नळी बसते. जुन्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हला ती बसत नाही, त्यासाठी घरी हातपंप ठेवावा. कमी हवेच्या टायरवर सायबर चौकाकडचा चढ चढणे म्हणजे ब्रेक थोडा लावून सायकल हाकणे होय. चढ सुरू होण्याच्या आधीच हलका गिअर टाकावा, चढावर जोर लावून गिअर बदलू नये, चेन निसटते.

घामाचा प्रश्न वेळेने सुटतो. दहा मिनिटे आधी निघून सावकाश गेल्यास घाम निम्मा होतो, आणि दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला बांधले तर पाठ भिजत नाही. भीतीसाठी रस्ता बदलावा. मुख्य रस्ता सोडून राजारामपुरीच्या गल्ल्यांतून जाणारी वाट अर्धा किलोमीटर लांब पडली तरी चालेल. रविवारी सकाळी दोन-तीन वाटा चालवून पाहाव्यात आणि मग एक ठरवावी. मागे लाल दिवा दिवसाही लावावा, उभ्या गाड्यांच्या अगदी कडेने जाऊ नये, कारण दार अचानक उघडते. चढ खरोखरच झेपत नसेल तर २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटार असलेली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी इलेक्ट्रिक सायकल पाहावी. तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही.

विद्यापीठाच्या आवारात सावलीत, कुलूप अडकवता येईल असे लोखंडी स्टँड हवेत, ही मागणी मात्र विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावी. सायकल सुरक्षित राहील याची खात्री नसेल, तर कोणीही ती रोज आणणार नाही.

प्रश्न : पुण्याला महिन्यातून एकदा कामासाठी जावे लागते. कार की रेल्वे?

उत्तर : एकटे असाल तर रेल्वे किंवा एसटी. कारने एका बाजूला पंधरा-सोळा लिटर पेट्रोल लागते, म्हणजे पस्तीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, तोही एका माणसासाठी. पुणे–कोल्हापूर लोहमार्गाचे विद्युतीकरण झालेले आहे आणि भरलेल्या गाडीत माणशी आकडा याच्या लहानशा हिश्शाइतकाच येतो. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतचाही पर्याय उपलब्ध आहे. चौघे एकत्र जात असाल, तर कारचा दोष बराच कमी होतो.

प्रश्न : माझ्या दुचाकीची पीयूसी चालू आहे. म्हणजे ती प्रदूषण करत नाही ना?

उत्तर : पीयूसीचा अर्थ गाडी ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे, एवढाच. पेट्रोल दुचाकीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजले जातात. पेट्रोल जळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादा नाही. तो केवळ किती इंधन जाळले यावर ठरतो. भारत स्टेज ४ आणि ६ या धुराच्या सरकारी मानकांच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिनेच. प्रमाणपत्रावर छापलेले आकडे मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. मर्यादेच्या आत असूनही ते वाढत चालले असतील, तर एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग मेकॅनिककडून तपासून घ्यावा.